सुख मोजण्याआधी

'उत्तररामचरित' नाटकाच्या पहिल्या अंकात वनवासाची चित्रं पाहून थकलेली सीता रामाच्या दंडावर डोकं टेकून विसावते. तिच्या स्पर्शाने रामाच्या मनात जे उमटतं त्याला नाव देणं त्याला जमत नाही. हे सुख आहे की दुःख, जाग आहे की झोप, अंगात विष भिनतं आहे की मद चढतो आहे, याचा निवाडा होत नाही अशा अर्थाचं तो बोलतो. पुढे दुर्मुख नावाचा हेर लोकापवादाची बातमी घेऊन येतो आणि त्याच हातांनी रामाला सीतेला दूर करावं लागतं. ती बातमी कानावर पडण्याच्या जरा आधी भवभूतीने रामाच्या तोंडी प्रेमाचं वर्णन घातलं आहे. सुखात आणि दुःखात जे दोन होत नाही, कोणत्याही अवस्थेत जे बरोबर राहतं, ते प्रेम. आणि असं माणूस ज्याला लाभलं तो भाग्यवान.

आठव्या शतकातला हा नाटककार आपलं मूळ गाव पद्मपूर असं सांगतो. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते पद्मपूर म्हणजे गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचं पदमपूर असं दाखवून दिलं. आमगावच्या महाविद्यालयालाही भवभूतीचंच नाव आहे. गोंदिया जिल्ह्याची ओळख करून देताना धानाची गोदामं, राईस मिल आणि नागझिऱ्याचे वाघ सांगितले जातात. ते योग्यच आहे. पण सुख म्हणजे काय या विषयावरच्या पुस्तकाची सुरुवात या जिल्ह्यातून करायची असेल, तर पहिलं नाव भवभूतीचं घ्यावं लागेल. सुख आणि दुःख वेगवेगळ्या मापांनी मोजायच्या गोष्टी आहेत, हे गृहीतच त्याने बाराशे वर्षांपूर्वी नाकारलं होतं.

आज मोजमाप मात्र जोरात आहे. २०१२ पासून जागतिक आनंद अहवाल निघतो. त्यातला मुख्य प्रश्न हॅडली कॅन्ट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये मांडलेल्या शिडीचा आहे. शून्यापासून दहापर्यंत पायऱ्या असलेली शिडी डोळ्यांसमोर आणा. सर्वांत वरची पायरी म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेलं सर्वोत्तम आयुष्य, सर्वांत खालची म्हणजे सर्वांत वाईट. तुम्ही आत्ता कुठे उभे आहात? या उत्तरांच्या सरासरीवरून देशांचे क्रम लागतात. २०१८ पासून फिनलंड पहिला येतो आहे. २०२४ च्या अहवालात भारत १४३ देशांत १२६ वा होता. भूतानने याहून वेगळी वाट धरली. तिथे राष्ट्रीय आनंदाचा विचार नऊ क्षेत्रांत केला जातो आणि त्यांत वेळेचा वापर, गावकीचं चैतन्य, संस्कृती आणि निसर्ग यांनाही जागा आहे. आणि आपल्या अगदी शेजारी, बाघ नदी ओलांडली की बालाघाट जिल्हा लागतो त्या मध्य प्रदेशाने २०१६ मध्ये सरकारात आनंद विभागच काढला. असा विभाग काढणारं ते देशातलं पहिलं राज्य.

या प्रयत्नांना मी कमी लेखत नाही. सरकारने माणसाला 'तुझं उत्पन्न किती' याच्या पुढे जाऊन काही विचारावं, ही चांगलीच गोष्ट आहे. देश श्रीमंत होत जातो तसे लोक त्याच प्रमाणात सुखी होत जातात असं दिसत नाही, हे अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ मध्येच मांडलं होतं. तेव्हा उत्पन्नाचा आकडा पुरत नाही हे उघड आहे. माझी अडचण शिडीशी आहे. त्या शिडीवर एकच माणूस उभा आहे, आणि आयुष्याचा हिशेब त्याने एकट्याने द्यायचा आहे.

जुलै-ऑगस्टमध्ये तिरोडा, गोरेगाव, अर्जुनी मोरगाव, कुठल्याही तालुक्यात जा. बांध्यांमध्ये चिखल झालेला असतो, पऱ्ह्यांच्या पेंढ्या टाकलेल्या असतात आणि बायकांची रांग कंबरेत वाकून मागे मागे सरकत धानाचा रोवणा करत असते. दिवसभर पाऊस अंगावर घेऊन काम चालतं. पायाच्या बोटांत चिखल्या होतात, पाठ रात्रीही सरळ होत नाही. तरीही बांधीत गाणं असतं, थट्टा असते, नव्या सुनेची ओळख तिथेच होते. त्या रांगेतल्या बाईला संध्याकाळी कुणी शिडी दाखवली, तर ती काय सांगेल? बहुधा 'बरं आहे' म्हणेल. या दोन शब्दांना आकडा कसा द्यायचा? त्यात पाऊस वेळेवर आल्याचं समाधान आहे, मुलीच्या शाळेची काळजी आहे, रोज वाढून मिळाला नाही याची खंत आहे आणि शेजारणींबरोबर दिवस गेला याचा हलकेपणाही आहे.

'बरं आहे' या उत्तराची दुसरीही बाजू आहे आणि ती डोळ्यांआड करून चालणार नाही. अमर्त्य सेन यांनी एक जुनी पाहणी पुन्हा पुन्हा पुढे ठेवली आहे. बंगालच्या दुष्काळानंतर, १९४४ मध्ये, कोलकात्याजवळच्या भागात विधवा आणि विधुर यांना त्यांच्या प्रकृतीविषयी विचारलं गेलं. तक्रार करणाऱ्यांत विधुरांचं प्रमाण विधवांपेक्षा कितीतरी जास्त निघालं. विधवांची प्रकृती चांगली होती म्हणून असं झालं नव्हतं. आपल्याला तक्रार करण्याचा अधिकार आहे, हेच त्यांच्या मनात उरलेलं नव्हतं. ज्याने आयुष्यभर थोडक्यात भागवलं त्याच्या इच्छाही थोड्याच होतात, आणि मग तो 'सुखी' दिसू लागतो. म्हणून सेन म्हणतात, माणसाला काय वाटतं एवढंच विचारू नका. तो काय करू शकतो आणि काय होऊ शकतो, तेही पाहा.

हा मुद्दा मराठीत त्याआधी आलेला आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त टिळकांनी 'आधिभौतिक सुखवाद' आणि 'सुखदुःखविवेक' अशी दोन सलग प्रकरणं या विषयाला दिली. पुष्कळांचं पुष्कळ सुख हे बेंथम आणि मिल यांचं माप त्यांनी बारकाईने तपासलं आणि कर्त्याची बुद्धी त्या मापात येत नाही म्हणून ते अपुरं ठरवलं. पण त्याच ओघात, संतोष हेच सर्व परिस्थितींत परम सुख, हेही त्यांनी मान्य केलं नाही. असंतोषातून समृद्धी येते, हे महाभारतातलं मत त्यांनी आदराने मांडलं. मला टिळकांचं हे भान फार मोलाचं वाटतं. गरिबाला समाधानी राहायला सांगणं सोपं असतं. रोवण्याच्या बांधीतल्या बाईला ते आपण किती पिढ्या सांगत आलो आहोत! तिचं गाणं खरं आहे, म्हणून तिची मजुरी न्याय्य ठरत नाही.

सालेकसा तालुक्यात, छत्तीसगडच्या सीमेलगत, कचारगडची गुहा आहे. माघ पौर्णिमेला इथे गोंड समाजाची मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, जिथे जिथे गोंड आहेत तिथून माणसं येतात आणि धनेगावपासून डोंगर चढून गुहेपर्यंत जातात. एकमेकांना भेटताना 'जय सेवा' म्हणतात. कोया पुनेम या गोंडी धर्माच्या परंपरेत या जागेची एक कथा सांगितली जाते. सांगणाऱ्यागणिक तिचे तपशील बदलतात, पण गाभा तोच राहतो. कली कंकालीची मुलं या गुहेत कोंडली गेली होती. दारावर प्रचंड शिळा होती. जंगो रायताड त्यांचा सांभाळ करणारी, पहांदी पारी कुपार लिंगो त्यांना मार्ग दाखवणारा. हिरासुका पाटालीर या वादकाने किंगरी वाजवली, तिच्या सुरांनी मुलांच्या अंगात बळ आलं, सगळ्यांनी मिळून शिळा ढकलली आणि मुलं बाहेर आली. त्या शिळेखाली हिरासुका मात्र गेला.

सुखाच्या किती तत्त्वज्ञांनी अशी कथा रचली आहे? इथे सुख म्हणजे कोंडवाड्यातून सुटणं आहे, तेही एकेकट्याने नव्हे. संगीत तिथे करमणुकीसाठी येत नाही, शिळा हलवण्यासाठी येतं. आणि ज्याने वाजवलं त्याचं मरण आनंदाच्या कथेतून वगळलेलं नाही. सुटका झालेली मुलं पुढे समाज होतात, गोत्रं घेतात, आणि त्यांच्या नमस्कारात सेवा येते. डॉ. मोतीरावण कंगाली यांनी गोंडी धर्म आणि भाषा यांवर जे लिहिलं, त्यामुळे ही परंपरा लिखित रूपात बाहेरच्या वाचकांपर्यंत पोचली. सुखाचा अभ्यास करणाऱ्या कोणत्याही पुस्तकात ॲरिस्टॉटलच्या शेजारी तिला जागा हवी, असं मी पूर्ण विचाराने म्हणतो. ॲरिस्टॉटलचंही म्हणणं असंच होतं की सुख ही क्षणाची भावना नाही, ती चांगल्या जगण्याची कृती आहे आणि ती नगराबाहेर, माणसांवाचून, पुरी होत नाही. फरक एवढाच की त्याच्या नगरात गुलामांना आणि स्त्रियांना ती वाट बंद होती. कचारगडच्या कथेत कोंडलेल्यांपासूनच सुरुवात होते.

जिल्ह्याच्या दक्षिणेला अर्जुनी मोरगाव तालुक्यात आणखी एक विलक्षण गोष्ट आहे. गोठणगाव-प्रतापगड भागात १९७२ मध्ये नोर्गेलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत वसली. मायदेश सुटलेली माणसं इथल्या उन्हाळ्यात आणि धानाच्या मुलखात रुजली, शेती करू लागली, हिवाळ्यात स्वेटर विकायला शहरोशहरी जाऊ लागली. त्यांच्या प्रार्थनागृहांत शिकवलं जातं ते असं : दुःखाचं मूळ आसक्तीत आणि अज्ञानात आहे, मनाला शिस्त लावता येते आणि दुसऱ्याचं दुःख दूर व्हावं ही इच्छा जोपासणं हाच स्वतःच्या सुखाचाही मार्ग आहे. त्याच तालुक्यात, त्याच रस्त्यांवर, पंचशीलाचे झेंडे लावलेली बौद्ध विहारं आहेत. तिथे येणाऱ्या लोकांच्या आधीच्या पिढीने १४ ऑक्टोबर १९५६ नंतर धम्म स्वीकारला. त्याआधी दोन वर्षं, १९५४ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. आजचा गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता.

बाबासाहेबांचा 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकातच त्यांनी विचारलं की जन्म, जरा, मरण सगळंच दुःख असेल तर माणसाला या धम्मात आशा कुठे? चार आर्यसत्यं मूळ शिकवणीतली आहेत की नंतरची भर, हा प्रश्न त्यांनी उघडपणे मांडला. त्यांच्या मते माणूस माणसाशी अन्यायाने वागतो त्यातून दुःख उपजतं. म्हणून ते ओळखणं आणि दूर करणं हे धम्माचं काम. एका वाटेवर मन बदलायचं आहे, दुसऱ्या वाटेवर समाज. दोन्ही बुद्धाचंच नाव घेतात आणि एकाच तालुक्यात नांदतात. मला यांपैकी एक निवडायला सांगितलं तर मी बाबासाहेबांच्या बाजूला उभा राहीन, कारण अन्याय तसाच ठेवून मन शांत करण्याचा सल्ला सहसा अन्याय सोसणाऱ्यालाच दिला जातो. पण घरदार, देश, सगळं गमावलेल्या तिबेटी वृद्धाने मनाची जी शिस्त कमावली तिच्यापुढेही मी नमतो. त्याच्यावरचा अन्याय त्याच्या हयातीत दूर होण्याची चिन्हं नव्हती. तोवर जगायचं कसं, याचं उत्तर त्याला हवंच होतं.

दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी, त्यामुळे या गावच्या माणसाला त्या गावच्या मंडईला जाता येतं. लेकी माहेरी येतात, पाहुण्यांनी घर भरतं, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. दिवसा दंडार आणि रात्री नाटक. झाडीपट्टी रंगभूमीची नाटकं उन्हाळा लागेपर्यंत गावोगाव होतात. हजारोंचा प्रेक्षक थंडीत पांघरुणं घेऊन पहाटेपर्यंत बसतो. आणि ही नाटकं बहुतेक रडवणारी असतात. परित्यक्ता बहीण, दारूत बुडालेला बाप, हुंड्यासाठी छळलेली सून. बायाबापड्या पदराने डोळे पुसतात आणि पहाटे घरी जाताना 'नाटक मस्त झालं' म्हणतात. मनोरंजनाचा उद्योग सुखाला हास्याशी जोडतो. इथला प्रेक्षक मात्र आपलं दुःख चार हजार माणसांत बसून रडता आलं याला सुख समजतो. भवभूती करुण हाच एकमेव रस मानत होता, बाकीचे रस म्हणजे पाण्याचेच भोवरे, बुडबुडे आणि लाटा. त्याच्या गावापासून काही कोसांवर आजही रात्रभर त्याचा पुरावा मिळतो.

दिवाळीत गोवारी नाचतात, गाईगुरांची पूजा होते. त्याच गोवारी समाजाचे ११४ जण २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात मोर्चातल्या चेंगराचेंगरीत मेले. त्यांचं मागणं ओळखीचं होतं, आदिवासी म्हणून मान्यतेचं. ज्यांच्या नाचाने सणाला रंग चढतो त्यांच्या सुखात सन्मान मोडतो की नाही, हे कोणत्या शिडीवर विचारायचं?

काही घरांत सुखाचा अर्थ आणखी साधा आहे. पूर्व विदर्भात सिकलसेलचा आजार अनेक समाजांत आहे. आईवडील दोघांकडूनही सदोष जनुक आलं तर मुलाच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं पिळवटून काढणारी वेदना उठते. अशा घरात ज्या दिवशी मूल न रडता शाळेत गेलं तो दिवस सुखाचा. एपिक्युरसने वेदनेच्या अभावाला सुख म्हटलं तेव्हा पुष्कळांनी त्याला नावं ठेवली. या आयांनी ठेवली नसती. जुलै २०२३ मध्ये देशाने सिकलसेल निर्मूलनाचं अभियान सुरू केलं. २०४७ हे त्याचं उद्दिष्टाचं वर्ष आहे. तोवर वेळेवर तपासणी, औषध आणि रक्त मिळणं हीच त्या मुलांच्या सुखाची अट आहे.

आता दोन माणसांविषयी. नवेगावबांधचं विस्तीर्ण तळं कोलू पाटील कोहळी यांनी बांधवलं असं परंपरा सांगते. डोंगरांच्या खिंडीत बांध घालून पाणी अडवायची कोहळ्यांची विद्या भंडारा-गोंदियातल्या हजारो मामा (माजी मालगुजारी) तलावांत आजही दिसते. अशा तलावाचं पाणी बांधणाऱ्याच्या नातवंडा-पतवंडांना, त्यांच्याही पलीकडच्या पिढ्यांना मिळतं. आपण पाहणार नाही अशा माणसांच्या धानासाठी माती उपसण्यात जे समाधान आहे, ते कोणाच्या पाहणीत येत नाही, कारण उत्तर देणारे अजून जन्मलेलेच नसतात. म्हणून सुखाची चर्चा आजच्या माणसांपुरती ठेवता येत नाही. गाळाने भरलेला तलाव ही पुढच्या पिढीच्या सुखातली तूट आहे.

त्याच नवेगावबांधला वनाधिकारी म्हणून मारुती चितमपल्ली आले आणि माधवराव पाटील डोंगरवारांच्या सोबतीने जंगल वाचायला शिकले. 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकात तो काळ आहे. पाणपक्ष्यांकडे तासन्‌तास पाहत राहणं, एका पक्ष्याची किती नावं गावकऱ्यांना ठाऊक आहेत ते टिपून ठेवणं, त्यासाठी संस्कृत शिकणं, पक्षिकोश रचणं. स्वतःला विसरून दुसऱ्या जीवाकडे लक्ष देण्याचं हे सुख आहे. जून २०२५ मध्ये ते गेले. ते ज्या माणसांकडून शिकले त्यांत शिकारी होते, ढीवर होते, गुराखी होते, ज्यांची नावं पुस्तकांवर येत नाहीत.

या पुस्तकाच्या पुढच्या प्रकरणांत तत्त्वज्ञान आहे, मानसशास्त्र आहे, अर्थशास्त्रही आहे. वाचकाने ते सगळं वाचावं, पण प्रत्येक व्याख्येला दोन प्रश्न विचारावेत. या सुखात आणखी कोण आहे? आणि कोणाला बाहेर ठेवून ही व्याख्या उभी राहिली आहे? माझ्या समजुतीप्रमाणे या दोन प्रश्नांवर भवभूतीचं प्रेम, कचारगडची शिळा, बाबासाहेबांचा धम्म आणि मंडईची रात्र टिकतात. एकट्या माणसाची शिडी टिकत नाही.

गोंदिया जिल्ह्यातल्या वाचकांना एक वेगळी विनंती आहे. या विषयावर विद्वानांचं पुष्कळ लिहून झालं आहे, पण रोवणा करणाऱ्या, तेंदूपत्ता तोडणाऱ्या, मोहफूल वेचणाऱ्या, विड्या वळणाऱ्या बायकांना कुणी फारसं विचारलेलं नाही. आपल्या घरात, आपल्या टोल्यावर अशी म्हातारी माणसं असतील तर त्यांच्याशी पोवारीत, गोंडीत, हलबीत, झाडीबोलीत बसून बोला. त्यांचे चांगले दिवस कोणते होते आणि ते का चांगले होते, हे त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. हे काम यंदाच्या मंडईच्या दिवसांतच करा. लेकीबाळी घरी आलेल्या असतात आणि म्हाताऱ्या माणसांना तेव्हा बोलावंसं वाटतं.